व्यायाम मानेचा, भरून येतात खांदे

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४४. दिवसभर लॅपटॉपवर काम असतं. गेले काही महिने मान आखडते. संध्याकाळी मागे वळून बघायचं तर सगळं अंगच वळवावं लागतं. एक व्हिडिओ बघून मानेचे व्यायाम सुरू केले. उजवा तळहात कपाळावर ठेवून डोकं पुढे ढकलायचं आणि हाताने अडवायचं, मग तसंच दोन्ही बाजूंना. हनुवटी मागे ओढून धरायची. हाताने डोकं खेचून कान खांद्याकडे न्यायचा. शेवटी मान गोल फिरवायची. महिनाभर नेमाने करतेय. मान थोडी मोकळी झाली हे खरं, पण व्यायाम झाला की दोन्ही खांद्यांचा वरचा भाग भरून येतो, उजवीकडे जास्त. दाबलं तर गाठी लागतात. व्यायाम मानेचा आणि ताण खांद्यावर, हे कसं काय? बहीण म्हणते मान सोड, खांद्याचे व्यायाम कर. नवरा म्हणतो सगळंच बंद कर आणि मालिश करून घे. कोणाचं ऐकू? (प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला, मागच्या वर्षी लागला. त्याचा काही संबंध असेल तर म्हणून सांगितलं.)

उत्तर : नमस्कार. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बहिणीचं निम्मं ऐका, नवऱ्याचं मालिशीपुरतं ऐका. व्यायाम बंद करू नका, पण आत्ता करताय तसेही चालू ठेवू नका. तुमच्या यादीतला एक व्यायाम मी काढून टाकणार आहे आणि एक तूर्त थांबवणार आहे. बाकीच्यांची पद्धत बदलू. चष्म्याचा उल्लेख केलात ते बरं झालं, त्याच्याकडेही येते.

बोलताना आपण मान वेगळी आणि खांदा वेगळा धरतो. स्नायू तसं काही मानत नाहीत. खांद्याच्या माथ्यावर हात ठेवलात की बोटांखाली जो जाड पट्टा लागतो, तो ट्रॅपेझियस. कवटीच्या मागच्या कडेपासून आणि मानेच्या मधल्या रेषेवरून तो निघतो आणि कॉलर बोनच्या बाहेरच्या भागावर व खांद्याच्या टोकाशी जाऊन बसतो. त्याचाच खालचा भाग पाठीत बरगड्यांच्या शेवटच्या, म्हणजे बाराव्या मणक्यापर्यंत पसरलेला असतो. त्याच्या आड दुसरा एक स्नायू आहे, लेव्हेटर स्कॅप्युली. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून तो तिरका खाली येतो आणि शोल्डर ब्लेडच्या, म्हणजे पाठीवरच्या तिकोनी हाडाच्या, वरच्या आतल्या कोपऱ्याला चिकटतो. तुम्हाला गाठी लागतात त्या बहुधा ह्याच कोपऱ्याच्या आसपास असणार. बहुतेकांच्या तिथेच असतात.

हे स्नायू आवळले की मान स्थिर असेल तर खांदा वर उचलतात आणि खांदा स्थिर असेल तर मान त्या बाजूला कलवतात. त्यामुळे मानेचा कुठलाही व्यायाम ‘फक्त मानेचा’ नसतोच.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आपला हात धडाला हाडाने फक्त एकाच जागी जोडलेला आहे, कॉलर बोन छातीच्या मधल्या हाडाला मिळते तिथे. बाकी सगळा हात, शोल्डर ब्लेडसकट, स्नायूंच्या आधाराने लटकलेला असतो आणि त्यातले बरेच स्नायू वर मानेला बांधलेले असतात. एका हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के असतं. साठ किलोच्या माणसाला एका बाजूला ३ किलो झालं, दोन्हीकडचं मिळून ६. डोकं स्वतः साडेचार-पाच किलोचं. दिवसभर हे ओझं वाहून संध्याकाळी मान वळेनाशी झाली, यात नवल नाही.

आता तुमच्या व्यायामांकडे येऊ. पहिला, कपाळावर हात ठेवून ढकलण्याचा. हा व्यायाम चांगला आहे, जुना आहे, मीही देते. पण यात डोकं ढकलतं तितक्याच जोराने हातही ढकलतो, हे विसरायला होतं. कोपर हवेत, दंड वर उचललेला, तळहात कपाळावर दाबलेला. या स्थितीत दंडावरचा डेल्टॉइड काम करतो, छातीचा स्नायू काम करतो आणि शोल्डर ब्लेड जागेवर धरून ठेवायला ट्रॅपेझियस काम करतो. मानेच्या पुढच्या स्नायूंना तुम्ही जेवढा व्यायाम देताय, जवळजवळ तेवढाच उजव्या खांद्यालाही देताय, आणि तो मुळातच दमलेला आहे. कपाळावर तुम्ही उजवाच तळहात ठेवता असं लिहिलंय. माउसही उजव्याच हातात असणार. ‘उजवीकडे जास्त’ का, हे कोडं माझ्या मते इथेच सुटतं.

उपाय सोपा आहे. टेबलाशी बसा, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा आणि दोन्ही हातांची बोटं कपाळावर ठेवा. हाताचं वजन टेबलावर जातं, खांदा सुटतो. किंवा हातांना रजाच द्या. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा, दुमडलेला टॉवेल कपाळ आणि भिंतीच्या मध्ये धरा आणि डोक्याने तो हलकेच दाबा. मागच्या बाजूसाठी पाठ भिंतीला, टॉवेल डोक्यामागे. बाजूंसाठी भिंतीशेजारी उभं राहायचं. जोर किती? तुमची सगळी ताकद शंभर धरली तर वीस-तीस. पाच-सहा सेकंद दाबायचं, सोडायचं, श्वास चालू ठेवायचा. श्वास रोखला की काय होतं ते सांगते. मानेच्या बाजूचे स्केलीन स्नायू पहिल्या दोन बरगड्यांना बांधलेले असतात. श्वास अडकवून जोर लावला की ते बरगड्या वर ओढतात, खांदे त्यांच्याबरोबर कानाकडे जातात, आणि मग मानेचा व्यायाम बाजूला राहतो, खांदे उचलण्याचाच व्यायाम होतो.

हनुवटी मागे ओढण्याचा व्यायाम तुमच्या यादीतला सगळ्यात मोलाचा आहे आणि सगळ्यात जास्त चुकतो तोही हाच. याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

मानेच्या पुढच्या बाजूला स्नायूंचे दोन थर असतात. वरचा थर आरशात दिसतो. कानामागच्या हाडापासून छातीच्या मध्यापर्यंत येणारी जाड दोरी म्हणजे स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. आतला थर दिसत नाही, बोटांनाही लागत नाही. लाँगस कोलाय आणि लाँगस कॅपिटिस अशी त्यातल्या स्नायूंची नावं. ते थेट मणक्यांना चिकटून असतात आणि एकेक मणका जागेवर धरून ठेवणं हे त्यांचं काम. मान दुखणाऱ्यांच्या तपासण्यांमधून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे, की त्यांच्यात हा आतला थर कमी काम करतो आणि वरचा थर जास्त. घरात एकाने अंग चोरलं की दुसऱ्याच्या डोक्यावर काम पडतं, तसाच प्रकार. फरक इतकाच की इथे ज्याच्यावर काम पडतं तोच दुखतो, म्हणून सगळे त्यालाच दोष देतात.

ट्रॅपेझियसच्या वरच्या भागाचंही असंच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मान दुखणाऱ्या लोकांना हाताचं एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावलं. त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूतली विद्युत हालचाल मोजतात, तिला ईएमजी म्हणतात. त्या मोजणीत दिसलं की काम संपल्यावरही त्यांचा ट्रॅपेझियस पटकन सैल पडत नाही. हात थांबलेला, स्नायू मात्र चालूच. ‘काम संपलं तरी खांदे उतरत नाहीत’ अशी तक्रार माझ्याकडे येणारे लोक अगदी ह्याच शब्दांत करतात.

आतला थर जागा करायचा तर व्यायाम किती हलका हवा, याची एक छान मोजपट्टी आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या ग्वेंडोलिन जल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रूढ केली. उताणं झोपवून मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवतात, तिच्यात पाऱ्याच्या मापाने २० मिलिमीटर दाब भरतात आणि डोकं न उचलता फक्त ‘हो’ म्हणायची मान हलवायला सांगतात. दाब दोन-दोनने वाढवत ३० पर्यंत न्यायचा, प्रत्येक पायरीवर १० सेकंद धरायचा. म्हणजे काहीच जोर न लावणं आणि जोरातला जोर लावणं, यांत फरक फक्त १० मिलिमीटरचा! रक्तदाब मोजताना दंडावरचा पट्टा किती आवळतो ते आठवा, त्याच्यापुढे हे काहीच नाही. लोक मात्र हनुवटी अशी मागे ओढतात की गळ्याच्या दोऱ्या बाहेर येतात, दात घट्ट मिटतात आणि खांदे वर जातात. एवढा जोर लावला की वरचा थर ताबा घेतो आणि आतला थर पुन्हा सुट्टीवर.

हा व्यायाम पुढचे दोन आठवडे तुम्ही झोपून करा. उशी काढा, डोक्याखाली दुमडलेला पातळ टॉवेल घ्या. गुडघे दुमडलेले. हात पोटावर, आणि शक्य असेल तर दोन्ही कोपरांखाली एकेक उशी, म्हणजे खांद्यांना काही धरावं लागणार नाही. जीभ टाळूला, दात सुटे, ओठ मिटलेले. एका हाताची बोटं गळ्याच्या बाजूच्या त्या दोरीवर हलकी ठेवा. आता डोकं टॉवेलवरून न उचलता, डोक्याचा माथा किंचित वर सरकल्यासारखा करत, ‘हो’ म्हणा. तोंडाने नाही, मानेने. हनुवटी गळ्याकडे बोटभर येईल, तेवढंच. बोटांखालची दोरी टणक झाली तर जोर जास्त झाला, निम्मा करा. १० सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. सुरुवातीला १० सेकंद जमणार नाहीत. पाचव्या सेकंदाला गळा थरथरेल किंवा श्वास अडकेल. मग पाचच सेकंद धरा. पहिल्या दिवशी ‘यात व्यायाम कसला?’ असं वाटलं, तर समजा बरोबर चाललंय.

दोन आठवड्यांनी हाच व्यायाम बसून करा, आणि त्या वेळी बोटं गळ्यावर न ठेवता खांद्याच्या माथ्यावर ठेवा. मानेच्या मुळाशी पाठीला जो मोठा मणका हाताला लागतो तो आणि खांद्याचं टोक, यांच्या बरोबर मधली जागा. ईएमजीचा इलेक्ट्रोडही साधारण तिथेच लावतात. हनुवटी आत घेताना तिथलं मांस मऊ राहिलं पाहिजे. फुगलं, टणक झालं, तर तुमचा खांदा मानेचं काम करतोय. यंत्राचं काम बोटं बऱ्यापैकी निभावतात.

हनुवटीची जागा बदलल्याने खांद्यात खरोखर फरक पडतो का, हे स्वतःच करून बघा. खुर्चीत बसा, लॅपटॉपकडे झुकल्यासारखं डोकं पुढे काढा आणि त्याच स्थितीत दोन्ही हात समोरून वर न्या. मग डोकं मागे, कान खांद्यांच्या रेषेत आणा आणि पुन्हा हात वर न्या. दुसऱ्या वेळी हात हलके वाटतात आणि थोडे जास्त वरही जातात. डोकं पुढे असताना हात उचलला की ट्रॅपेझियसचा वरचा भाग जास्त काम करतो आणि सेराटस अँटिरियर कमी, असं मोजणीतही आढळलं आहे. सेराटस म्हणजे काखेखाली बरगड्यांवरून शोल्डर ब्लेडच्या आतल्या कडेपर्यंत जाणारा स्नायू. हात वर जाताना शोल्डर ब्लेड फिरवायचं काम ट्रॅपेझियसचा वरचा भाग, खालचा भाग आणि हा सेराटस मिळून करतात. सेराटस मागे पडला की वरच्या भागावर भार वाढतो.

ट्रॅपेझियसला मी इथे खलनायक बनवलंय असं वाटेल. तसं नाही. ईएमजीचा आकडा वाढला म्हणजे काहीतरी बिघडलं असं अजिबात नसतं. वजन उचललं की तो वाढणारच, वाढलाच पाहिजे. स्नायूने काम करावं आणि काम झालं की सुटावं, एवढीच अपेक्षा. त्रास होतो तो थोड्याशा कामासाठी दिवसभर अर्धवट आवळून राहण्याचा. नुसत्या मानसिक ताणानेही, हात मांडीवर स्वस्थ असताना, ट्रॅपेझियसची विद्युत हालचाल वाढते. तेव्हा कामाची डेडलाइन असलेल्या दिवशी खांदे जास्त भरून येत असतील तर तो मनाचा खेळ समजून सोडून देऊ नका.

यादीतला खेचण्याचा व्यायाम, म्हणजे हाताने डोकं ओढून कान खांद्याकडे नेणं, तूर्त थांबवायचा. भरून आलेला स्नायू आखडून आखूडच झालेला असतो असं आपण गृहीत धरतो. पण ज्यांचे खांदे उतरते असतात त्यांच्यात हाच स्नायू दिवसभर हाताच्या ओझ्याने खाली ताणलेला असतो. तो टणक लागतो तो लांब होऊन दमल्यामुळे. त्याला आणखी ताणलं की दोन मिनिटं बरं वाटतं आणि तासाभराने जास्त ठणकतं. तुमचं कुठलं, हे घरीच कळेल. नवऱ्याला कामाला लावा. तुम्ही बसा, मान डावी-उजवीकडे वळवून कुठपर्यंत जाते ते बघून ठेवा. मग त्यांनी मागे उभं राहून तुमची दोन्ही कोपरं खालून धरून हातांचं वजन उचलायचं, खांदे किंचित वर जातील इतकंच, आणि तुम्ही हात पूर्ण सैल सोडायचे. आता पुन्हा मान वळवा. जास्त वळली किंवा दुखणं कमी झालं, तर तुमच्या स्नायूंना ताणायची नाही, आधाराची आणि ताकदीची गरज आहे. फरक पडला नाही तर हलका ताण द्यायला हरकत नाही, पण तोही डोक्यावर हाताचा जोर न देता. ताणायच्या बाजूच्या हाताने खुर्चीची बैठक धरायची आणि मान आपणहून दुसऱ्या बाजूला कलू द्यायची, बास.

मान गोल फिरवणं मात्र सोडाच. त्यातून मिळणारं सगळं मान सरळ वळवून आणि बाजूला कलवून मिळतं. चक्कर येणं आणि मागच्या बाजूला कडकड वाजणं तेवढं वाचतं.

आता बहिणीचा मुद्दा. ‘मान सोड’ हे चूक, पण ‘खांद्याचे व्यायाम कर’ हे अगदी बरोबर. दुखऱ्या स्नायूला आणखी काम द्यायचं म्हटलं की लोक बिचकतात. तरीही अभ्यास याच बाजूने आहेत. फिनलंडमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या, जुन्या मानदुखीच्या १८० स्त्रियांवर वर्षभर एक अभ्यास झाला, २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाने रबरी पट्टा डोक्याला लावून मानेची ताकद वाढवली, दुसऱ्याने झोपून डोकं उचलण्यासारखे दमाचे व्यायाम केले. दोन्ही गटांनी जोडीला डंबेल्स घेऊन खांद्यांचे आणि हातांचे व्यायामही केले. तिसऱ्या गटाला फक्त ताणण्याचे आणि चालण्यासारखे व्यायाम करायला सांगितले होते. वर्षाअखेर पहिल्या दोन्ही गटांचं दुखणं तिसऱ्यापेक्षा बरंच कमी होतं. म्हणजे ताणणं पुरत नाही, ताकद लागते, आणि मानेबरोबर खांद्यालाही लागते.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी डेन्मार्कचा अभ्यास मी हमखास सांगते. ऑफिसातल्या १९८ जणांपैकी एका गटाने रबरी ट्यूब ओढून हात बाजूला उचलण्याचा एकच व्यायाम रोज २ मिनिटं केला, दुसऱ्याने तोच १२ मिनिटं, आणि तिसऱ्याने काहीच नाही. आठवड्याचे ५ दिवस, १० आठवडे. २ मिनिटंवाल्यांचंही मान-खांद्याचं दुखणं काहीच न करणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी झालं. माझ्याकडच्या अनुभवाशी हे जुळतं. रोज थोडं करणारे टिकतात, रविवारी तासभर घाम गाळणारे तिसऱ्या आठवड्यात दिसेनासे होतात.

तुम्ही हाच व्यायाम घ्या. हलक्यातला हलका रबरी पट्टा पायाखाली दाबून टोकं दोन्ही हातांत. कोपर किंचित वाकलेली. हात अगदी बाजूला नकोत, बाजू आणि समोर यांच्या मधे, थोडे पुढे झुकलेले. खांद्याच्या उंचीपर्यंत न्या, त्याच्या वर नाही, आणि वर न्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ घेऊन खाली आणा. खाली आल्यावर एक क्षण खांदे पूर्ण सोडा, मगच पुढचं आवर्तन. हे सोडणं व्यायामाइतकंच महत्त्वाचं आहे, कारण तुमचा स्नायू नेमकं तेच विसरलाय. शेवटच्या दोन-तीन वेळांना रग लागली पाहिजे. पंधरा वेळा सहज झाले तर पुढच्या रंगाचा पट्टा.

सेराटससाठी भिंतीवर हात टेकून पुश-अप करा. भिंतीपासून दूर ढकलून कोपरं सरळ झाली की थांबू नका. तिथून पाठ किंचित मागे ढकलत शोल्डर ब्लेड्स एकमेकांपासून लांब जाऊ द्या. शेवटची ती दोन बोटं अंतराची हालचाल म्हणजेच सेराटसचा व्यायाम, बाकी सगळा बहुतेक छातीचा. यात डोकं भिंतीकडे पुढे जातं, जवळजवळ सगळ्यांचं जातं. आधी ‘हो’वाली हनुवटी, मग ढकलणं. मानेचा व्यायाम खांद्याच्या व्यायामात असा मिसळला की दोन्हींचा फायदा वाढतो. खालच्या ट्रॅपेझियससाठी पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोपरं मागे ओढायची, इतकं पुरे.

क्रम असा ठेवा : आधी मानेचा झोपून करायचा व्यायाम, मग पट्टा, मग भिंत. भिंतीवर टॉवेल दाबण्याचा प्रकार एक दिवसाआड. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी खांद्यात थोडी रग राहिली तर चालेल. दोन दिवसांनंतरही ठणकत असेल किंवा झोपमोड झाली तर पट्टा हलका करा.

मालिश करून घ्या, शेकही घ्या, त्याने स्नायू सैल पडतो आणि व्यायाम करावासा वाटतो. गाठ फोडण्याच्या नादात कोपराने रगडून घेऊ नका. दाबल्यावर लागते ती गाठ बहुतेक वेळा स्नायूचाच आवळलेला भाग असतो, फोडण्यासारखं तिथे काही नसतं.

दिवसभराच्या बसण्यात एकच गोष्ट बदलायची झाली तर मी कोपरांचा आधार बदलेन. टाइप करताना दोन्ही कोपरांपासून मनगटांपर्यंतचा भाग टेबलावर किंवा खुर्चीच्या हातांवर टेकलेला हवा, म्हणजे त्या तीन-तीन किलोंचा बराचसा भार मानेवरून उतरतो. माउस कीबोर्डच्या अगदी लगत. लॅपटॉपचा स्क्रीन उंच करायचा तर वेगळा कीबोर्ड लागेलच, नाहीतर मान वाचते आणि खांदे जातात. फोन कान आणि खांद्यात दाबून बोलत असाल तर आजपासून बंद.

आणि चष्मा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. त्यामुळे समोरचा स्क्रीन वाचायला आपण नकळत हनुवटी वर करून पुढे काढतो, म्हणजे झोपून शिकलेल्या व्यायामाच्या बरोबर उलटं, दिवसभर. अशा वेळी स्क्रीन थोडा खालीच ठेवलेला बरा, किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांना स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा मागा. तुमच्या तक्रारीत याचा वाटा थोडाथोडका नसावा असं मला वाटतं.

काही लक्षणं असतील तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. दुखणं खांद्यावरून हातात उतरतंय, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे, पकड सैल झालीय, हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं : यात मानेतली नस दबलेली असू शकते. चालताना तोल जातो, बटणं लावायला बोटं धजत नाहीत, लघवीवर ताबा राहत नाही : हे मज्जारज्जूवर दाब असल्याचं लक्षण असू शकतं, त्यात एक दिवसही घालवू नका. पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हेही तपासून घ्यायचं. मान वळवताना दोन-दोन दिसणं किंवा जीभ जड होणं, आणि श्रमाने वाढणारं, छाती किंवा जबड्याबरोबरचं खांद्याचं दुखणं, दम लागणं, घाम फुटणं, यांत तर थेट इस्पितळ. उजव्या खांद्याच्या टोकाशी जेवणानंतर दुखत असेल तर पित्ताशयाचीही तपासणी करतात, कारण त्या भागाची संवेदना मानेतल्या त्याच नसांवाटे येते.

आणखी एक, तुमच्या वयात बघायलाच हवं असं : कोपर अंगाला चिकटवून, नव्वद अंशांत वाकवून, कोपर न हलवता मनगट अंगापासून बाहेरच्या बाजूला न्या. उजवा हात डाव्यापेक्षा बराच कमी फिरत असेल, दुसऱ्याने फिरवूनही अडकत असेल, तर तो आखडलेल्या खांद्याचा, फ्रोझन शोल्डरचा आरंभ असू शकतो, विशेषतः मधुमेह असेल तर. त्याचा इलाज वेगळा आहे. यातलं काहीच नसेल तर सहा ते आठ आठवडे नेटाने करा. त्यानंतरही खांदे तसेच भरून येत असतील तर फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा. जाताना उघड्या पाठीचा ब्लाउज किंवा बिनबाह्यांचा टॉप घाला आणि हात वर नेताना दोन्ही शोल्डर ब्लेड्स कशी फिरतात ते मागून बघायला सांगा. एक उशिरा फिरतं का, एकाची कड पाठीतून उचलली जाते का, हे कपड्याखालून कळत नाही आणि पत्रातून तर नाहीच नाही.